अल्डनचं वाक्य

अल्डनच्या गालावर माशी बसली तेव्हा कॅमेरा चालू होता. गालावरून ती नाकाच्या शेंड्यावर गेली, तिथं थोडा वेळ पाय चोळत बसली आणि मग पापणीवर चढली. पलंगाशेजारी डॉक्टरीणबाई, म्हणजे आमच्या मालिकेची नायिका, रडणाऱ्या मुलीला समजावत होती, की तुझे वडील बहुधा आता जागे होणार नाहीत. अल्डनची पापणी हलली नाही. माशी त्याच्या खालच्या ओठावर उतरली तेव्हा नायिकेलाच हसू फुटलं आणि शॉट थांबवावा लागला.

"थांबलं का?" अल्डननं डोळे मिटूनच विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यानं माशी उडवली, आणि नायिकेची माफी मागितली. चूक तिची, माफी याची. अल्डन पेटिग्रू असाच होता.

बेशुद्ध पडण्याच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. टीव्हीवर मेलेला किंवा बेशुद्ध माणूस दाखवायचा तर मोठी पंचाईत असते ती श्वासाची. पोट हलतं, छाती हलते आणि घरी बसलेला प्रेक्षक म्हणतो, मेलाय कुठला. अल्डन पाठीतून श्वास घ्यायचा. समोरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसायचं नाही. ही विद्या त्यानं नाटकात मिळवलेली. दुसऱ्या अंकात मरून तिसरा अंकभर प्रेक्षकांसमोर पडून राहण्याची कामं त्यानं इतकी केली होती, की अंक संपला तरी उठायचं विसरशील, असं आम्ही त्याला चिडवायचो.

आम्ही म्हणजे हॅमिल्टनमधल्या एका जुन्या चर्चमध्ये चालणाऱ्या थिएटरची माणसं. मी, मर्ना कोवालचुक, तिथली स्टेज मॅनेजर. अल्डन तिथला राजा, तिथला दारुडा काका, तिथला पाद्री, आणि नाताळच्या खेळात कमरेला उशा बांधून नाचणारी बाईही तोच. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू आलं नाही असं एकही वाक्य तो आयुष्यात बोलला नसेल. मग छत गळायला लागलं, प्रेक्षक गळायला लागले, आणि शेवटी इमारत विकली गेली. आता तिथं भिंती चढण्याची व्यायामशाळा आहे. जिथं आमचा पडदा होता तिथं रंगीत खुंट्या ठोकल्या आहेत आणि बँकेतली पोरंपोरी कमरेला दोर बांधून लटकतात. बंद झालं त्या दिवशी मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी चाव्या दिल्या आणि घरी जाऊन सूप प्यायले.

पोट कुणाला चुकलंय? मला टीव्हीत काम मिळालं. कुठल्या हातात कप होता, कोटाचं कुठलं बटण उघडं होतं, ते पुढच्या शॉटमध्ये तसंच आहे ना, एवढं बघायचं. अल्डनलाही मिळालं, पण त्याचं जरा अवघड गेलं. पहिल्यांदा न्यायाधीश झाला तेव्हा "पुढचा खटला" हे दोन शब्द त्यानं असे म्हटले, की ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं कानावरचे हेडफोन उपटून टाकले. दिग्दर्शक म्हणाला, कमी करा. त्यानं कमी केलं. आणखी कमी. तेही केलं. अजून कमी करा म्हटल्यावर तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, "एवढंच हवं असेल तर मी घरी बसतो की. तिकडे कॅमेरा पाठवा म्हणावं."

पुढे त्याला औषधाच्या जाहिरातीतला आजोबा मिळाला, मग एका खुनाच्या गोष्टीत प्रेत. प्रेत इतकं उत्तम झालं की त्या जोरावर हॉस्पिटलच्या मालिकेतला कप्तान हॅस्केल मिळाला. सरोवरातून खनिज वाहून नेणाऱ्या जहाजाचा कप्तान. पहिल्या भागाच्या पहिल्याच दृश्यात तो धक्क्यावर बेशुद्ध सापडतो आणि मग सगळा सीझन पलंगावर पडून राहतो. बाकी पात्रं त्याच्या उशाशी येऊन भांडतात, कबुल्या देतात, एकदा तर दोघं तिथं प्रेमातही पडली. तो नुसता पडलेला. ज्या माणसानं आवाजावर जन्म काढला त्याला बिनआवाजाचं काम मिळालं, आणि त्या कामामुळेच त्याला गावानं ओळखलं. किराणा दुकानात बायका त्याला थांबवून विचारायच्या, बरं वाटतंय का आता?

त्याला स्वतःला काय वाटत होतं ते मला कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "काही नाही वाटत. पाठीला चादर बोचते."

खरी अडचण इनेझची होती. इनेझ त्याची बायको, शाळेत गाणं शिकवायची. गेल्या काही वर्षांत तिची नजर मधोमध विझत गेली होती. कडेकडेनं उजेड, माणसाची हालचाल एवढं कळायचं. टीव्हीवरचं तर नाहीच. तरीही दर गुरुवारी जेवण झालं की ती केस नीट करून टीव्हीपुढे बसायची. मी पुष्कळदा पिरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, घेऊन जायचे, म्हणून हे मी बघितलेलं आहे.

"आता आहेस का तू?" ती विचारायची.

"आहे," अल्डन शेजारून सांगायचा.

"काय करतोयस?"

"झोपलोय."

"अजून?"

पहिल्या-पहिल्यांदा आम्ही तिघंही हसायचो. मग हसणं कमी झालं. एका गुरुवारी मालिका संपल्यावर ती म्हणाली, "सगळा गाव तुला बघतो आणि मला तू त्या पेटीत सापडत नाहीस. उद्या कुणी सांगितलं की तो पडलेला दुसराच कुणीतरी आहे, तर मी काय म्हणणार? एक शब्द तरी बोल, अल्डन. मला कळेल तरी, की हा माझा."

तो म्हणाला, लिहिणाऱ्यांच्या हातात आहे. आणि ते खरंच होतं. सीझनच्या शेवटी हॅस्केल मरणार की जागा होणार, याचा निर्णय झालेला नव्हता. सेटवर रोज वेगळी बातमी यायची. मेकअप करणारीनं मरणार असं छातीठोक सांगितलं, तर खाण्याच्या टेबलापाशी कळलं, की तो वाचणार पण पुढच्या सीझनला हवाईला पाठवून देणार. अल्डन कुणाला विचारायला गेला नाही. आयुष्यात त्यानं भूमिका मागितली नाही, आता वाक्य काय मागणार? पण मेकअपच्या खुर्चीत बसला असताना बाहेर कुणाच्या हातात कागद दिसला, की आरशातून त्याची नजर त्या कागदामागे जायची.

शेवटच्या भागाची संहिता आली तेव्हा मी आधी शेवटचं पान उघडलं. हॅस्केल डोळे उघडतो. मुलीकडे बघतो. म्हणतो, "किती वाजले?" तिथं भाग संपत होता आणि सीझनही संपत होता. म्हणजे सगळ्या वर्षाचं शेवटचं वाक्य अल्डनचं.

त्यानं इनेझला दुपारीच फोन केला. तिनं त्याच दिवशी शेजारणीबरोबर जाऊन नवा ब्लाऊज आणला, मोत्याच्या बटणांचा. दिसत नसताना ब्लाऊज कशाला, असं शेजारणीनं विचारलं असावं, कारण इनेझनं मला सांगितलं, की कानांना नवे कपडे घालता येत नाहीत म्हणून घेतला.

चित्रीकरणाच्या सकाळी मी आणि अल्डन एकाच गाडीतून गेलो. कसं म्हणणार आहेस ते वाक्य, असं मी विचारलं. तो खिडकीबाहेर पोलादाच्या कारखान्याच्या चिमण्या बघत म्हणाला, "ऐकशील." इनेझनंही म्हणे रात्री हट्ट केला होता, एकदा म्हणून दाखव. त्यानं तिलाही दाखवलं नव्हतं.

आमची दिग्दर्शिका जोसेलिन वयानं लहान, पण कामाला चोख होती आणि मनानं वाईट नव्हती. तिनं सगळ्यांना उभं केलं, दिवे बघितले आणि म्हणाली, "मिस्टर पेटिग्रू, आधी नुसती तालीम करू. घाई नाही. तुमच्या पद्धतीनं करा." आणि पाठीमागे कॅमेरामनला बोट गोल फिरवून दाखवलं. चालू ठेव, अशी ती खूण. टीव्हीतली ही नेहमीची रीत. माणूस तालमीत मोकळा असतो, म्हणून तालीमच गुपचूप टिपून घेतात. निघालं काही बरं तर ठेवतात, नाहीतर टाकून देतात. मी ती खूण बघितली आणि त्यात काही विशेष वाटलं नाही.

मुलीचं काम करणारी ब्रीया पलंगापाशी बसून आपली वाक्यं बोलली. अल्डननं डोळे उघडले. एकदम नाही. आधी नुसती फट, मग छताकडे बघणं, मग कुणीतरी शेजारी आहे हे कळणं, मग ते कोण आहे हे कळणं. त्याचे ओठ उघडले. ब्रीया वाक्याची वाट बघत पुढे झुकली. ओठ तसेच राहिले आणि हळूहळू मिटले. तो तिच्याकडे बघत राहिला.

मला लगेच कळलं, आणि सगळ्या सेटवर ते एकट्या मला कळलं. आमच्या थिएटरात नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत कधीच बोलत नसत. रिकाम्या खुर्च्यांसमोर नाटक पुरं करायचं नाही. प्रेक्षक आले, की त्यांच्यासमोर पहिल्यांदा ते वाक्य बोलायचं आणि नाटक पुरं करायचं. तोवर त्या जागी तोंड मिटून वाक्याएवढा वेळ थांबायचं. एका नव्या मुलीनं एकदा तालमीत ते मोठ्यानं म्हणून टाकलं होतं, आणि पहिल्या प्रयोगाला असं बर्फाचं वादळ आलं की प्रेक्षक होते सात, त्यातली तीन तिच्या घरची. पुढं वर्षभर तिला कुणी ते विसरू दिलं नाही. अल्डनच्या हाडीमांसी ही रीत मुरलेली होती. जोसेलिन तालीम म्हणाली, त्यानं तालीम केली. वाक्याच्या जागी तो नेहमीसारखा तोंड मिटून थांबला. आमच्याकडे असतो तर तेवढ्यावर मी अंधारातून "पडदा" म्हटलं असतं. माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं.

ब्रीयाला यातलं काय ठाऊक? वाक्य आलं नाही. समोरचा म्हातारा बोलायला गेला, त्याला बोलता आलं नाही आणि तो नुसता तिच्याकडे बघतोय, एवढंच तिनं बघितलं. ती घाबरली, त्याचा हात धरला आणि खरीखुरी रडायला लागली. जोसेलिननं बराच वेळ थांबवलं नाही. थांबवलं तेव्हा कॅमेरामन बाहीनं नाक पुसत होता.

मी जागेवरून उठले आणि जोसेलिनपाशी जाऊन सांगितलं, की त्यानं वाक्य मुद्दाम गाळलंय, आमच्याकडे तशी रीत आहे, त्याला वाटलं ही तालीम आहे.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "पण मर्ना, तू बघितलंस ना?"

मी बघितलं होतं. तीच तर पंचाईत. इतकी वर्षं मी अल्डनला रोज संध्याकाळी विंगेतून बघत आले आणि असं काही बघितलं नव्हतं. खोटं कशाला बोलू? वाक्य नव्हतं म्हणूनच ते तसं झालं होतं.

अल्डन पलंगावर उठून बसला होता. सगळे आपल्याकडे का बघतायत हे त्याला कळेना. तो म्हणाला, "झाली ना तालीम? आता खरं करू या." जोसेलिन म्हणाली, हो हो, करू या. मग त्यानं खरं केलं. "किती वाजले?" तो म्हणाला. आवाज भरलेला, स्वच्छ, शेवटचं अक्षरही सांडू न देता पार मागच्या भिंतीपर्यंत पोचवलेला. ब्रीयाचं रडून झालं होतं, तिनं डोळ्यांत थेंब घालून घेतले. जोसेलिन "छान" म्हणाली. लहान पोरानं काढलेलं चित्र दाखवल्यावर म्हणतात, तसं. आणखी दोनदा केलं, दोन्ही वेळा ती छान म्हणाली. मग जेवणाची सुट्टी झाली.

जेवताना मी अल्डनला सगळं सांगितलं. कॅमेरा चालू होता हेही. त्यानं बटाट्याचा घास घेतला, चावला, गिळला.

"बरं झालं होतं का ते?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "फार."

"मग तेच घेतील," तो म्हणाला. "मी असतो तर तेच घेतलं असतं."

मी विचारलं, तुला काय वाटतंय? तो थोडा वेळ खरोखर शोधत होता असं दिसलं. मग म्हणाला, "पाठीला मुंग्या आल्यात. बाकी काही नाही."

मला राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून तो वाया गेला.

भाग दाखवायच्या आठवड्यात जोसेलिननं त्याला स्वतः फोन केला. एवढी माणुसकी तिच्यात होती. वाक्याविना घेतलंय, सगळ्यांना ते आवडलंय, पुढच्या सीझनलाही तुम्ही आहात, असं तिनं सांगितलं. अल्डन म्हणाला, तुमचं बरोबर आहे. हे त्यानं मला गुरुवारी संध्याकाळी त्याच्या दारात उभं राहून सांगितलं. माझ्या हातात पिरोगीचं भांडं होतं आणि आत इनेझचा कुणाशी तरी फोनवर बोलल्याचा आवाज येत होता.

"तिला सांगितलंस?"

"नाही. तूही सांगू नकोस."

"अल्डन, ती आंधळी आहे, बहिरी नाही."

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला आणि भांडं माझ्या हातातून घेतलं.

इनेझनं मोत्याच्या बटणांचा ब्लाऊज घातला होता. सडबरीला तिची बहीण असते, तिलाही मालिका लावायला सांगून तिनं फोन ठेवला. संपल्याबरोबर वाक्य कसं वाटलं ते सांगायला बहीण फोन करणार होती. मग इनेझ टीव्हीच्या इतकी जवळ सरकून बसली, की अल्डननं तिची खुर्ची जरा मागे ओढली. ती पुन्हा पुढे सरकली.

तासभर इतर माणसांची भांडणं आणि ऑपरेशनं झाली. ब्रीयाचा आवाज आला तेव्हा इनेझनं हात वर करून आम्हाला गप्प राहायला सांगितलं. गप्पच होतो आम्ही. पडद्यावर अल्डनचे डोळे उघडले. इतका मोठा चेहरा मी त्याचा कधी बघितला नव्हता. ओठ उघडले. इनेझ खुर्चीच्या कडेवर आली, तिनं मान तिरकी केली आणि उजवा कान पुढे केला. ओठ मिटले. ब्रीया रडायला लागली, पियानो वाजायला लागला आणि नावं वर सरकायला लागली.

पियानो थांबेपर्यंत इनेझ तशीच बसून होती.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं," अल्डन म्हणाला.

"बोललास?"

मी अल्डनकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"बोललो," तो म्हणाला.

"मला नाही ऐकू आलं."

"टीव्हीवर हळू बोलावं लागतं. ओठातल्या ओठात. मोठ्यानं बोललं की खोटं वाटतं, म्हणतात."

इनेझनं चाचपून त्याचा हात शोधला, मग बाहीवरून वर जात त्याची मान, हनुवटी, आणि शेवटी ओठांवर बोटं ठेवली. तो बेशुद्ध कप्तानासारखा स्थिर बसला. पाठीतून श्वास घेत असणार, कारण मला तो घेताना दिसला नाही.

"चांगलं बोललास," ती म्हणाली. "स्टेजवर फार ओरडायचास तू."

तेवढ्यात फोन वाजला. सडबरीचाच असणार. अल्डन उठायला लागला तसा इनेझनं त्याच्या ओठांवरचा हात काढून त्याची बाही धरली.

"वाजू दे," ती म्हणाली.

फोन खूप वेळ वाजत राहिला. तो थांबेपर्यंत तिनं बाही सोडली नाही.